वरून सातारा, खालून सांगली

गाडीत पाणी दोन वाटांनी शिरतं. साताऱ्यात ते वरून येतं, सांगलीत खालून. माझं सासर साताऱ्यात आणि माहेर सांगलीत, त्यामुळे दोन्ही पद्धती मला घरच्याच आहेत. दिवाळीला दोन्हीकडचे पुरुष एकत्र बसले आणि कुणाची गाडी जास्त भिजली यावरून त्यांची जुंपली, की मी चिवड्याचा डबा पुढं सरकवते आणि आत जाते. पाणी एकच आहे, हे कबूल करायला कुणी तयार नसतं.

खरं तर ते एकच आहे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. सांगली शहरात त्याचा दहावा हिस्सा पडला तरी लोक 'बरा झाला औंदा' म्हणतात. पण डोंगरातलं ते सगळं पाणी कोयना आणि कृष्णा कऱ्हाडला आणतात, तिथं प्रीतिसंगमावर त्यांची गाठ पडते, आणि पुढं ते सांगलीत येऊन आयर्विन पुलापाशी मोजलं जातं. म्हणून जुलै लागला की साताऱ्यात माणसं एकमेकांना 'कोयना किती झाली?' विचारतात आणि उत्तर टीएमसीत देतात. सांगलीत 'आयर्विनला किती?' विचारतात आणि उत्तर फुटात घेतात. धरण १०५ टीएमसीचं, पुलाला इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ फुटांवर, हे पाढ्यांच्या आधी पाठ झालेली मुलं माझ्या माहेरच्या गल्लीत आहेत. माझे वडील, अण्णा, दर पावसाळ्यात सासऱ्यांना फोन करतात आणि 'काय पाहुणं, सोडलं का?' एवढंच विचारतात. कोयनेच्या सहा वक्र दरवाजांच्या किल्ल्या व्याह्यांच्या कोनाड्यात टांगलेल्या असतात अशी त्यांची पक्की समजूत आहे. सासरेही 'अजून न्हाई, पण सोडतील,' असं मोठ्या जबाबदारीनं सांगतात.

पूर्वी गाडीत पाणी येणं हा प्रश्नच नव्हता, कारण ते येणार हे धरूनच माणूस गाडीत बसायचा. वडापच्या जीपला दारं नव्हती, ताडपत्रीचे पडदे होते, आणि त्या पडद्यांची बटणं गाडी घेतली त्याच वर्षी गेलेली असायची. तरीही आतली माणसं कोरडी उतरायची. ड्रायव्हर माणसंच एवढी भरायचा की पाण्याला शिरायला जागा राहायची नाही. प्रीमियर पद्मिनीच्या त्रिकोणी काचेतून कोपरावर धार यायची, तिथं मालक पिवळं फडकं कोंबून ठेवायचा आणि ते फडकं गाडीबरोबर पुढच्या गिऱ्हाइकाला विकलं जायचं. एसटीत छत्री उघडून बसलेला प्रवासी पाहून कंडक्टरला नवल वाटत नसे. साताऱ्यानं तर स्वतःपुरता हा प्रश्न मुळातच मिटवला होता. महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची, आणि स्कूटरच्या आत पाणी जायला तिला आतच नव्हतं.

आता मात्र गाडीला एसी आहे, मखमली गालिचा आहे, समोर हातभर लांबीचा पडदा आहे, आणि हप्ता तर आहेच. हप्त्याच्या वस्तूत पाणी गेलेलं माणसाला सहन होत नाही.

गंमत अशी की गाडी म्हणजे मुळात भोकं पाडलेला पत्रा. कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा गंजरोधक रंगाच्या टाकीत बुडवून काढतात. तो रंग निथळून जावा म्हणून तळाला भोकं ठेवावी लागतात, आणि मग ती रबरी बुचांनी बंद होतात. इंजिन आणि आपले पाय यांच्या मधल्या पत्र्यातून वायरी, नळ्या, स्टिअरिंगचा दांडा असं सगळं वऱ्हाड आत येतं. प्रत्येकाला रबराचं कडं. मागच्या बंपरच्या आड चक्क झडपा असतात, कारण चारही काचा बंद करून दार लावलं तर आतली हवा कुठंतरी जायला हवी, नाहीतर दार लागत नाही आणि कानाला दडे बसतात. सगळ्यात मोठा गुंता दाराचा. काच वरखाली होते, म्हणजे तिच्या कडेनं दाराच्या पोटात पाणी जाणारच, हे इंजिनिअर लोकांनी केव्हाच मान्य केलंय. ते पाणी आतल्या आत खाली उतरावं आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या भोकांतून रस्त्यावर जावं, एवढीच त्यांची इच्छा. ते आपल्या मांडीकडं येऊ नये म्हणून आतल्या पॅनेलच्या मागं एक पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. हे सगळं करून गाडी कारखान्यातून निघताना पाण्याच्या फवाऱ्यांखालून घालतात आणि आत थेंब आला का बघतात. म्हणजे गाडी आपल्याकडं येते ती कोरडी. गळायला तिला आपण शिकवतो.

आमच्या गाडीचं शिक्षण धाकट्या दिरांच्या हातून झालं. गणपतीच्या आधी त्यांनी चारही दारांत मोठे स्पीकर बसवून घेतले. स्पीकरवाल्या पोरानं माझ्यादेखत पॅनेल उचकटलं, मागचं ते प्लास्टिक टरकन फाडलं, आणि 'कंपनीनं पॅकिंग काढायचंच राहिलंय वो' म्हणत गुंडाळून कोपऱ्यात फेकलं. त्याच पोरानं फॉग लॅम्पची वायर आत घ्यायला एका रबरी कड्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला. वर, धूळ बसू नये म्हणून, मूळच्या गालिचावर जाड मॅटिंग अंथरून दिलं, कडेपासून कडेपर्यंत. त्या मॅटिंगखाली काय चाललंय हे आता देवालाही दिसणार नव्हतं.

पाऊस सुरू झाला आणि यवतेश्वरच्या घाटात काचा आतून धुरकटायला लागल्या. बाहेर धुकं, आत धुकं. नवरा एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं माझी ओढणी घेऊन काच पुसत कासला निघालेला. मग वास आला. हा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको: ओलं घोंगडं, जुनी वही आणि थोडासा मासा. सासूबाईंनी कापूर ठेवला. शेजारणीनं कॉफीची पूड सुचवली. दिरांनी डॅशबोर्डावर गुलाबाच्या वासाची बाटली लावली, त्यामुळं ओल्या घोंगड्यावर कुणीतरी हार घातल्याचा भास होऊ लागला. सर्व्हिस सेंटरनं गाडी ठेवून घेतली आणि लिंबाचा वास मारून परत दिली. आणि श्रावणात ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली हिरवं काहीतरी दिसलं म्हणून मी मॅटिंगची कड उचलली, तर मटकीला मोड आले होते. चांगले बोटभर. बाजारातून येताना पिशवी कधी फाटली होती कुणास ठाऊक. घरात मला फडक्यात बांधून इतके लांब मोड कधी आणता आले नाहीत.

मग वर्तमानपत्रं अंथरायला सुरुवात झाली. पाणी कुठला पेपर जास्त ओढतो यावर घरात मतभेद होते. सासऱ्यांचं मत 'ऐक्य'ला, नवऱ्याचं पुण्याहून निघणाऱ्या जाड पुरवणीला. मला आठवतं ते एवढंच, की 'कोयनेतून विसर्ग वाढवला' ही ठळक बातमी माझ्या पायाखाली हळूहळू भिजत चालली होती.

गळक्या गाडीचा मालक हा सार्वजनिक मालमत्ता असतो. पोवई नाक्यावर गाडी उभी केली तरी कुणीतरी वाकून बघतो आणि 'बीडिंग गेलंय' म्हणून निघून जातो. बीडिंग, म्हणजे दाराच्या चौकटीचं रबर, हे सगळ्यांचं लाडकं निदान आहे, आणि ते तपासायची खरी रीत कुणीच वापरत नाही. रीत सोपी आहे. दाराच्या फटीत दहाची नोट धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. अडकून आली तर रबर ठीक, सहज निघाली तर रबर दबलेलं. दिरांनी हे पाचशेच्या नोटेनं केलं. नोट अर्धी बाहेर आली. रबर उत्तम होतं.

पण सगळ्या सल्लागारांत थोर ते समोरच्या बंगल्यातले काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना गळती म्हटलं की गाडी दिसत नाही, धरण दिसतं. टॉर्च घेऊन ते गाडीखाली आडवे झाले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. 'अहो, दारांना खाली भोकं आहेत! चारही दारांना!' एवढी ढोबळ चूक कंपनीनं करावी याचं त्यांना वाईटही वाटलं आणि आपल्याला ती सापडल्याचा आनंदही झाला. संध्याकाळी त्यांनी घरून एमसील आणलं, बोटानं मळलं, आणि एकेक भोक बुजवून टाकलं. भरताना ते 'ग्राउटिंग' असा शब्द वापरत होते. नवरा बादली धरून उभा. मी खिडकीतून बघत होते, आणि काकांच्या वयाकडं बघून गप्प होते.

पुढच्या पावसानंतर गाडी वळणावर बोलायला लागली. डावीकडं वळवली की चळक, उजवीकडं वळवली की चळक. ब्रेक दाबला की चारही दारांतून एकदम. चारी दारं आपापल्या पातळीपर्यंत भरली होती आणि काका सांडवा ठेवायला विसरले होते.

शेवटी गाडी महामार्गाकडच्या एका मिस्त्रींकडं गेली. पत्र्याचं छप्पर, दारात तीन पाय आणि एक वीट यांवर उभी असलेली ओम्नी, आणि भिंतीवर हनुमानाच्या शेजारी टायरच्या कंपनीचं कॅलेंडर. मिस्त्रींनी आधी आम्हांला बोलू दिलं. सगळी निदानं ऐकून घेतली. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाराखालचं एमसील टचकन उडवलं आणि मागं सरकले. पाणी भळाभळा आलं, अर्धी बादली तरी असेल, त्यात पिवळट पानं आणि एक बसचं तिकीट. मिस्त्री काही बोलले नाहीत. पुढच्या दाराकडं गेले.

त्यांचं काम बघण्याजोगं होतं. पोराला त्यांनी नळी दिली, जोराच्या पंपाची नव्हे, बागेची. स्वतः आत शिरले, मॅटिंग गुंडाळून बाहेर फेकलं, गालिचा उचलला, त्याखालचा चिंब नमदा पिळला, आणि डोकं खाली पॅडलांजवळ, पाय वर सीटच्या पाठीवर, तोंडात टॉर्च, अशा आसनात स्थिर झाले. पोरानं पाणी खालून सुरू केलं. आधी चाकाची कमान, मग दाराची कड, मग काच. वरून एकदम पाणी मारलं तर कुठून शिरलं ते कळत नाही, म्हणून खालून वर. प्रत्येक टप्प्याला आतून टॉर्च दातात धरलेला 'म्हं' असा आवाज यायचा आणि पोरगं वीतभर वर सरकायचं. वायपरच्या खालच्या जाळीवर नळी आली आणि आतून 'म्हं' ऐवजी 'थांब!' आलं. टॉर्च पडल्याचाही आवाज आला.

'आवो, पण पाणी तर डावीकडं दिसतंय,' नवरा म्हणाला. 'जाळीचं भोक इकडं उजवीकडं.'

'पाणी आन् चुगली,' मिस्त्री उलटे होत बाहेर येताना म्हणाले, 'निघती एकीकडनं आन् कळती दुसरीकडं. पत्र्याच्या जोडातनं चालत जातंय ते. जिथं दिसतंय तितनं येत नसतंय.'

वायपरच्या खालच्या त्या जाळीला काउल म्हणतात. पुढच्या काचेवरचं सगळं पाणी तिथं पडतं आणि दोन्ही बाजूंच्या वाटांनी चाकांमागं उतरतं. एसीला बाहेरची हवाही तिथूनच मिळते. वाट तुंबली की तिथं तळं होतं आणि तळं भरलं की पाणी हवेच्या वाटेनं आत येतं. मिस्त्रींनी जाळी काढली, कोपरापर्यंत हात घातला आणि काळा लगदा काढून बोनेटवर ठेवला. आमची गाडी चिंचेखाली उभी असते. चिंचेचा पाला हा निसर्गानं गाड्यांची भोकं बुजवायलाच बनवलाय. लगद्यात पाला होता, पारिजातकाची देठं होती, कंदी पेढ्याच्या पुड्याची दोरी होती. तो लगदा निघाला आणि गळती थांबली. मग दारांच्या आत नवं प्लास्टिक लावलं गेलं, फाटक्या कड्यात काळं सीलंट भरलं गेलं, पण निम्मं काम त्या हाताच्या एका खेपेत झालं होतं. बुजवण्यासारखं गाडीत फारसं काही नव्हतं. मोकळं करण्यासारखंच जास्त होतं. काकांना हे आम्ही सांगितलेलं नाही. त्यांचा समज असा आहे की ग्राउटिंग आता कुठं पकडलं.

आमच्याच शेजारी तेव्हा एक नवीकोरी उंच गाडी उभी होती, सनरूफवाली. सनरूफ ही वस्तू साताऱ्यात आकाश बघायला घेत नाहीत. छपरातून वरात, मिरवणूक आणि लहान मुलं बाहेर काढायला घेतात. सनरूफच्या चौकटीला पन्हळ असते, तिच्या चारही कोपऱ्यांत बारीक नळ्या, आणि त्या खांबांच्या आतून खाली उतरतात. ही गाडी पौषात पालीच्या खंडोबाच्या यात्रेला जाऊन आली होती, छप्पर उघडं ठेवून, भंडाऱ्याच्या वर्षावात. त्यावर लग्नसराईतल्या अक्षता. त्यावर कुठल्याशा निवडणुकीचा गुलाल. मग पहिला पाऊस. हळद, तांदूळ आणि गुलाल यांचा जो गोळा त्या नळ्यांत बसला होता तो कुठल्याही सीलंटच्या कंपनीनं दत्तक घ्यावा असा. मालकाच्या पांढऱ्या अस्तरावरून पिवळे ओघळ उतरले होते आणि तो 'देवाचंच हाय, पुसायचं कसं?' या पेचात पडला होता. 'हवा मारा की जोरात,' असंही कुणी सुचवलं. मिस्त्रींनी मान हलवली. जोरानं हवा मारली तर आतल्या आत नळीचा सांधा निसटतो आणि मग पाणी खांबातून थेट गालिचात येतं. ते सायकलच्या ब्रेकची जुनी तार घेऊन चढले.

तिथंच एक दहिवडीकडचे गृहस्थ बसले होते. त्यांच्या माणात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यांना आमचं सगळं बोलणं चैनीचं वाटत असावं. 'आमच्यात त्याच भोकातनं फुफाटा येतोय,' ते म्हणाले. 'पाणी आलं तर आमी पेढं वाटू.'

आता सांगली. तिथं बीडिंग, काउल, नळ्या यांचं नाव कुणी काढत नाही. सांगलीचं पाणी पावसाच्या थेंबाशिवाय येतं. आभाळ कोरडं असतं, माणसं गणपतीच्या देवळापाशी उभी राहून नदी बघत असतात, आणि पाणी गटारातून, उलट्या वाटेनं, मागच्या गल्लीत आधीच पोचलेलं असतं. २००५ ला आयर्विनला ५३ फुटांच्या वर गेलं. तेव्हा जुनी माणसं म्हणाली, आता याच्या वर जात नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं. २०२१ ला पुन्हा ५४ च्या पुढं. आता जुनी माणसं आकडा सांगत नाहीत.

खालून येणाऱ्या पाण्याला बुचं, झडपा, दाराची भोकं ही सगळी प्रवेशद्वारं. तरी माणूस प्रयत्न सोडत नाही. २०१९ ला आमच्या माहेरच्या गल्लीत एकानं सायलेन्सरमध्ये चिंध्या कोंबल्या, दारांच्या फटींना रुंद चिकटपट्टी मारली आणि गाडीला खालून वरून शेततळ्याचा प्लास्टिक कागद गुंडाळला. अण्णा जिन्यात उभे राहून बघत होते. अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे.

'मर्दा,' ते म्हणाले, 'गाडी किती किलोची?'

'हजाराच्या आसपास, सर.'

'मग हजार लिटर पाणी बाजूला सारलं की तरंगणार ती. तळाचं क्षेत्रफळ किती धरशील? सहा चौरस मीटर. म्हणजे तळाला पाणी लागल्यावर वर वीतभर चढलं, की निघाली. पाणी आत गेलं असतं तर जड होऊन दारात तरी बसली असती. आता तू हिला होडी केलीस.'

त्या माणसानं थोडा विचार केला आणि आत जाऊन म्हशीचं दावं आणलं. पुढचे दिवस ती गाडी विजेच्या खांबाला बांधलेली, गुंडाळलेली, पाण्याबरोबर हळूहळू तोंड फिरवत होती. सकाळी तिचं तोंड हरिपूरकडं असायचं, संध्याकाळी स्टँडकडं. पाणी उतरल्यावर ती शेजाऱ्याच्या तुळशीवृंदावनावर बसली. आतून मात्र जवळजवळ कोरडी होती. मग तिचा मालक आनंदाच्या भरात चावी फिरवायला निघाला आणि गल्लीतल्या चार माणसांनी त्याला धरून ठेवलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असलं तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वर साध्या विम्यात ते बसतही नाही, त्याला वेगळं इंजिनाचं कवच घ्यावं लागतं. हे सांगलीत आता केळीवाल्यालाही ठाऊक आहे. पुरातून निघालेली गाडी ढकलत न्यायची, हा तिथला रिवाज.

बाकीच्यांच्या गाड्या मात्र पाणी चढायच्या आधीच विश्रामबागेत गेल्या होत्या. तिकडं पाणी सहसा पोचत नाही. एरवी तिथल्या नातेवाइकांना गावातली माणसं 'लांब राहायला गेलात' म्हणून नावं ठेवतात. आयर्विनला ३५ फूट झालं की त्याच नातेवाइकांची ख्यालीखुशाली विचारणारे फोन सुरू होतात.

पुढं वर्षभरात त्यातल्या बऱ्याच गाड्या विकायला निघाल्या. साताऱ्यात एमएच-१० ची, म्हणजे सांगलीची, सेकंड हॅन्ड गाडी आली की गिऱ्हाईक इंजिन बघत नाही, आधी वास घेतो. मग सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढतो, कारण गाडी धुतली, गालिचे बदलले तरी गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. धाकटे दीर अशीच एक गाडी बघायला गेले तेव्हा विश्रामबागेत राहणारा माझा मामेभाऊही सोबत होता. त्यानं पट्टा ओढला. विकणारा सांगलीचाच, पेठेतला.

'पाव्हणं, वढा खुशाल,' तो म्हणाला. 'पुरात न्हवती ही गाडी.'

'मग कुठं होती?'

'विश्रामबागला.'

'मी विश्रामबागलाच राहतो,' मामेभाऊ म्हणाला. 'सगळी सांगली तेच सांगते. एवढ्या गाड्या तिथं मावणार कशा? त्या आठवड्यात आमच्या गल्लीत मला माझी स्वतःची गाडी लावायला जागा नव्हती.'

'तेच म्हणतोय न्हवं का!' विकणारा म्हणाला. 'तुमच्या जागंवर हीच हुती.'